आठ दिवसांचा परोपकार

परोपकारावर टीका करणे हा आपल्याकडे जवळजवळ गुन्हा समजला जातो. आणि तोही दिवाळीत! घराघरांतून फराळाची ताटे इकडून तिकडे फिरत असताना कोणी उठून मदतीविरुद्ध चार शब्द लिहू लागले, तर वाचक त्याला कद्रू तरी म्हणतील, नाही तर पाषाणहृदयी तरी. त्यातून मी पडले बाईमाणूस, आणि वर मास्तरीण. आम्ही दयाळू असावे असा संकेतच आहे. तरीही हा धोका पत्करून मी सरळच सांगते : परमुलखातून आठ दिवसांसाठी येऊन केलेला परोपकार हा बहुतेक वेळा परोपकार नसतो. तो प्रवास असतो, थोडी करमणूक असते, मन हलके करून घेण्याचा सोपा विधी असतो. आणि त्या विधीची दक्षिणा, ज्यांच्यावर उपकार झाला असे म्हणतात, त्यांनाच मोजावी लागते.

हे मी ऐकीव गोष्टींवरून लिहीत नाही. माझे माहेर सांगलीचे. यजमान साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. महाराष्ट्रातले कितीतरी साखरतज्ज्ञ पूर्व आफ्रिकेतल्या कारखान्यांत नोकरीला आहेत. त्यांच्यासारखेच आम्हीही गेली सहा वर्षे युगांडात राहतो आहोत. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी जिथे बाहेर पडते, त्या जिंजा शहरापासून काही मैलांवर, उसाच्या मळ्यांच्या गराड्यात आमचे घर आहे. सांगलीत मी शाळेत गणित शिकवीत असे. इथे गावच्या प्राथमिक शाळेत आठवड्यातून तीन दिवस तेच करते. शाळा चर्चची आहे. पाळकांच्या पत्नी माझ्या शेजारीण. अमेरिकेतल्या एका चर्चची बारा माणसे आठ दिवसांच्या 'मिशन'वर येणार होती; त्यांतला एक दिवस आमच्या शाळेच्या आणि शेजारच्या मुलांच्या आश्रमाच्या वाट्याला आला. पाहुण्यांच्या जोडीला स्थानिक स्वयंसेवक हवे होते. शेजारणीने बोलावले, मी गेले, आणि सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत त्यांच्याबरोबर राहिले. त्या एका दिवसाने माझ्या मनात जे विचार उठले, ते इथे मांडते आहे.

आधी एक गैरसमज होण्यापूर्वीच दूर केला पाहिजे. 'मिशन' हा शब्द ऐकला की आपल्यातल्या काहींच्या भुवया लगेच वर चढतात आणि चर्चा धर्मांतरावर जाऊन आदळते. माझ्या तक्रारीचा धर्माशी संबंध नाही. युगांडात ख्रिस्ती धर्म काल-परवा आलेला नाही. पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी तिथे १८७७ साली पोहोचले, कॅथलिक १८७९ साली. १८८५ ते १८८७ या काळात कित्येक तरुण धर्मासाठी मरण पावले. त्यांतल्या बावीस कॅथलिकांना १९६४ साली संतपद मिळाले, आणि दर वर्षी ३ जूनला नामुगोंगो येथे त्यांच्या स्मृतीसाठी जी यात्रा भरते तिला लोक शेकडो मैल पायी चालत येतात. आपल्या पंढरीच्या वारीची आठवण व्हावी असे ते दृश्य असते. तिथले आर्चबिशप जनानी लुवुम यांना इदी अमीनच्या राजवटीत १९७७ साली प्राण गमवावे लागले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दर्शनी भिंतीवर १९९८ सालापासून त्यांचा पुतळा उभा आहे. देशातली दहांपैकी आठांहून अधिक माणसे ख्रिस्ती आहेत. अशा मुलखात एकोणीस वर्षांची पोरे विमानातून उतरून, सत्तर वर्षांच्या आजीबाईंना, ज्यांनी आयुष्यभर एक रविवार चुकवला नाही त्यांना, येशू कोण होता हे चित्रे दाखवून सांगू लागली, तेव्हा आजीबाई मान डोलावून गोड हसल्या. आळंदीच्या माळकऱ्याला कोणी येऊन विठ्ठल समजावून सांगावा, तसलाच तो प्रकार. धर्माच्या दृष्टीनेही त्या दिवशी कोणाच्या पदरात काही पडले असेल, तर ते पाहुण्यांच्या.

आता त्या दिवसाचे काम सांगते.

त्या दिवशी शाळा भरली, पण अभ्यास झाला नाही. तिसरीच्या वर्गात माझी नव्वद मुले. अपूर्णांकांचा धडा चालू होता, तो राहिला. त्याआधीचे दोन दिवस स्वागताची गाणी बसवण्यात गेले होते. पाहुणे एकाच रंगाचे सदरे घालून आले. माणसे मनाने चांगली होती, हे मी मुद्दाम नोंदवते. एक निवृत्त विमा अधिकारी, एक दंतवैद्याची पत्नी, बाकीची कॉलेजात जाणारी मुले-मुली. एकाच्याही तोंडून उद्धट शब्द आला नाही. विषुववृत्तावरच्या उन्हात ती घामाघूम झाली, पण कोणी कुरकुरले नाही. माझी तक्रार त्यांच्या स्वभावाविषयी नाहीच. चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने केलेल्या कामाविषयी ती आहे, आणि म्हणूनच ती करणे भाग आहे. वाईट माणसांचा बंदोबस्त करायला पोलीस असतात. चांगल्या माणसांच्या चुका मात्र कोणी दाखवीत नाही.

पहिले काम भिंतीचे. दोन खोल्यांच्या बाहेरच्या भिंतींना रंग द्यायचा होता. गावात रंगारी आहे. गवंडी, सुतार, रंगारी अशा कारागिराला तिकडे 'फुंडी' म्हणतात. त्याची दिवसाची मजुरी पाहुण्यांच्या हॉटेलातल्या एका जेवणापेक्षा जास्त नाही. तो फुंडी त्या दिवशी आंब्याच्या झाडाखाली बसून होता, आणि जन्मात कुंचला न धरलेली बारा माणसे त्याचे काम करीत होती. रंग भिंतीला कमी आणि एकमेकांच्या नाकाला जास्त लागत होता. हसणे-खिदळणे चालले होते. फोटो निघत होते. दुपारी फुंडी मला हळूच म्हणाला, "शनिवारी ही मंडळी गेली की मी खरडून पुन्हा लावणार आहे. हेडमास्तरांनी सांगून ठेवले आहे." म्हणजे भिंत एक, रंग दोनदा, आणि दुसऱ्या वेळचा रंग शाळेच्या पैशांतून. पाहुण्यांच्या मनात मात्र ती भिंत जन्मभर त्यांनी रंगवलेलीच राहणार.

दुसरे काम औषधपाण्याचे. आमच्या भागात एक पिसू आहे. मातीच्या धुळकट जमिनीत ती वाढते आणि पायाच्या कातडीत शिरून घर करते. पाय सुजतो, पिकतो, चालता येईनासे होते. मुलांची शाळा सुटते. ही पिसूही मूळची तिथली नव्हे. दक्षिण अमेरिकेतून ती १८७२ साली एका जहाजाबरोबर अंगोलाच्या किनाऱ्यावर उतरली आणि पुढल्या काही दशकांत खंड ओलांडून पूर्वेला पोहोचली. बाहेरून आलेला पाहुणा किती काळ मुक्काम करील याचा नेम नसतो, तो असा! तर त्या दिवशी मुलांना बाकावर बसवून पाहुण्यांनी त्यांचे पाय धुतले, औषध लावले, पट्ट्या बांधल्या. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. त्याचे स्मरण म्हणून मुलींच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाणी खोटे नव्हते. पण सरकारी आरोग्य केंद्रातली नर्स, जी बारा महिने हेच काम करते, ती बाजूला घमेले धरून उभी होती. तिला कोणी विचारले नाही, की बाई, यावर उपाय काय. मी विचारले. ती म्हणाली, "पाय तुम्ही धुतलेत. पण घरातली जमीन मातीची आहे, तिथेच ही मुले रात्री झोपणार. सिमेंटची पोती दिली असती तर पुढल्या वर्षी हे पाय धुवावेच लागले नसते." सिमेंटच्या पोत्याबरोबर फोटो चांगला येत नाही, ही सिमेंटची मोठीच अडचण आहे.

तिसरे काम आश्रमातले, आणि माझ्या मते तेच सर्वांत घातक. तीस-पस्तीस लहान मुले. पाहुणे येताच ती धावत येऊन त्यांच्या पायांना बिलगली. पाहुण्यांना वाटले, किती प्रेमळ मुले ही! मी दोन मुलांची आई आहे. मला त्या प्रेमाची भीती वाटली. धडधाकट मनाचे तीन वर्षांचे मूल अनोळखी माणसाच्या कडेवर उडी मारून चढत नाही. ते आईच्या पदराआड लपते. जे मूल कोणाच्याही गळ्यात पडते, त्याला आपले माणूस कोणते आणि परके कोणते हा भेदच उरलेला नसतो. एका मुलीने एका पोराला दुपारभर कडेवर घेतले, खाऊ दिला, गाणे म्हटले, फोटो काढले. सहा वाजता मोटार आली तेव्हा त्या पोराची बोटे तिच्या सदऱ्यापासून एकेक करून सोडवावी लागली. ती रडत मोटारीत बसली. पोरगे मात्र रडले नाही. आधीच्या महिन्यात दुसरा गट येऊन गेला होता, पुढच्या महिन्यात तिसरा येणार होता. त्याला सवय झाली होती. वाचकहो, तीन वर्षांच्या मुलाला सोडून जाण्याची सवय लावणे, यालाच जर सेवा म्हणायचे, तर छळ कशाला म्हणायचे?

शिवाय ती सगळी मुले अनाथ होती काय? मुळीच नाही. आफ्रिकेतल्याच काय, जगातल्या बहुतेक अनाथालयांतल्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असते. गरिबीमुळे, शाळेच्या फीमुळे, जेवणाच्या आशेने ती आश्रमात येतात. आणि पाहुण्यांचा, देणग्यांचा ओघ लागला की ती आणलीही जातात. अनाथ पाहायला येणाऱ्यांची संख्या वाढली की अनाथांची संख्याही वाढते, हा बाजाराचा साधा नियम आहे. रवांडाच्या सरकारने २०१२ साली ठरवले की अनाथालये हळूहळू बंद करून मुलांना कुटुंबांत परत पाठवायचे. केनियाने २०१७ साली नव्या आश्रमांची नोंदणी थांबवली. त्या देशांच्या सरकारांना मुलांची माया नाही, असे म्हणायचे काय? त्यांना माया आहे, म्हणूनच त्यांनी हे केले. ज्या पैशात एक मूल आश्रमात वाढते, त्या पैशात त्याच्या आजीच्या घरी त्याची भावंडेही शाळेत जाऊ शकतात.

इथे मला तीन उत्तरे ऐकू येतात. तिन्ही मी प्रत्यक्ष ऐकली आहेत, म्हणून तिन्हींचा समाचार घेते.

पहिले उत्तर : "काही नाही त्यापेक्षा थोडे तरी बरे." हे वाक्य ऐकायला इतके शहाणपणाचे वाटते की त्याची तपासणी कोणी करीत नाही. थोडे पाणी बरे, थोडी भाकरी बरी. पण थोडी शस्त्रक्रिया बरी काय? अर्धवट शिकलेला मास्तर बरा काय? आमच्या जिंजा भागातच एका अमेरिकन तरुणीने, वैद्यकाचे कसलेही शिक्षण नसताना, कुपोषित मुलांसाठी केंद्र उघडले. हेतू धर्माचा, भावना दयेची. काही वर्षांत तिथे शंभराहून अधिक मुले दगावली. मुले आणली तेव्हाच अत्यवस्थ होती, असे त्या बाजूचे म्हणणे. अडाणी हातांनी उपचार झाले, असा दोन मातांचा दावा. तो २०१९ साली युगांडाच्या न्यायालयात गेला आणि २०२० साली, दोष कबूल न करता, तडजोडीने मिटला. कोण किती दोषी हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. मी एवढाच प्रश्न विचारते : त्या तरुणीला आपल्या गावी, अमेरिकेत, असे केंद्र एक दिवस तरी चालवता आले असते काय? नसते, तर मग युगांडातल्या आईचे मूल स्वस्त आहे, असाच त्याचा अर्थ होत नाही काय?

दुसरे उत्तर : "ते आले नसते तर पैसाही आला नसता." बरे, पैशांचाच हिशेब करू; गणिताची शिक्षिका आहे, तो माझा धर्म आहे. पाहुण्यांनीच सांगितले की विमानाचे तिकीट माणशी दीड हजार डॉलरांच्या आसपास पडले. बारा माणसांचे अठरा हजार डॉलर. हॉटेल, मोटारी, सदरे सोडूनच द्या. आमच्या इथल्या प्राथमिक शिक्षकाला महिन्याला फार तर दीडशे डॉलर मिळतात. म्हणजे केवळ तिकिटांच्या पैशांत एका शिक्षकाचा दहा वर्षांचा पगार निघाला असता. माझ्या वर्गात नव्वद मुले आहेत, हे वर सांगितलेच आहे. दहा वर्षे दुसरा शिक्षक मिळाला असता तर त्या नव्वदांचे पंचेचाळीस-पंचेचाळीस झाले असते. त्याऐवजी शाळेला काय मिळाले? दोनदा रंगवलेली भिंत, चार पेट्या खाऊ, आणि जुन्या सदऱ्यांची गाठोडी. त्या गाठोड्यांची तर आणखीच कथा. परदेशातून जुने कपडे गाठोड्यांनी येतात, त्यांना पूर्व आफ्रिकेत 'मितुंबा' म्हणतात. ते स्वस्त असतात हे खरे. पण गावच्या शिंप्याला आणि देशातल्या गिरण्यांना त्यांच्याशी स्पर्धा करवत नाही. रवांडाने त्यांच्यावर जबर जकात बसवली, तेव्हा अमेरिकेने २०१८ साली त्या चिमुकल्या देशाच्या कपड्यांची सवलत काढून घेतली. उपकार नको म्हणण्याचीही शिक्षा होते, ती अशी. लंकाशायरच्या कापडाने आपल्या विणकरांचे काय केले हे ज्या देशाने पाहिले आहे, त्या देशातल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

तिसरे उत्तर सर्वांत प्रामाणिक असते : "तिथल्यांचे काही होवो, पण आमच्या मुलांचे डोळे उघडतात, ती बदलून येतात." हे मला मान्य आहे. पण मग त्याला शिक्षण म्हणा. सेवा म्हणू नका. आणि शिक्षण म्हटले की विद्यार्थी कोण आणि गुरू कोण हेही ठरले. मग त्या मुलांनी नर्सबाईंच्या हाताखाली महिनाभर घमेली उचलावीत, फुंडीकडून भिंत खरवडायला शिकावे, आणि जाताना गुरुदक्षिणा द्यावी. १९६८ साली इव्हान इलिच या विचारवंताने, जो स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका येथे अमेरिकन विद्यार्थ्यांच्या सभेत हेच तोंडावर सांगितले. हिंडायला या, शिकायला या, पण आमच्या गरिबांचे भले करायला येऊ नका, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. त्याला निमंत्रण देणाऱ्यांचे चेहरे तेव्हा कसे झाले असतील याची कल्पना करावी! पण आज अर्धशतक उलटून गेले तरी त्या मुद्द्याला कोणी खोडू शकलेले नाही. विमाने मात्र वाढली.

कोणी म्हणेल, मग परक्या मुलखात जाऊन सेवा करूच नये काय? अवश्य करावी. पण ती कशी करतात याचे नमुने समोर आहेत. अल्बर्ट श्वाइट्झर हे नाव आपल्या आजोबांच्या पिढीला चांगले ठाऊक होते. तत्त्वज्ञानात, धर्मशास्त्रात, संगीतात युरोपभर कीर्ती मिळालेला हा माणूस तिशीत पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला, वैद्यक शिकला, आणि १९१३ साली गॅबॉनमधल्या लांबारेने येथे गेला. जायच्या आधी इतकी वर्षे शिकण्यात घालवली. आणि गेला तो १९६५ साली तिथेच मरण पावला. त्याच्या वागण्यात आफ्रिकनांविषयी वडीलकीचा, थोडासा हुकमतीचा सूर होता, ही टीका रास्त आहे. पण दुखणे कळल्याशिवाय औषध देऊ नये, एवढे त्याला कळत होते. युगांडातल्याच मेंगो येथे १८९७ साली अल्बर्ट कुक या डॉक्टरने रुग्णालय काढले. त्याने आणि त्याच्या पत्नीने तिथल्या मुलींना सुईणीचे काम शिकवले, आणि त्याचा शेवटही कंपालातच झाला. इतक्या दूर तरी कशाला जावे? आम्हा सांगली-मिरजेकरांना वानलेसवाडी हे नाव रोजच्या बोलण्यातले आहे. ज्या डॉक्टर वानलेस यांच्यावरून ते पडले, ते १८८९ साली या देशात आले, १८९४ साली त्यांनी मिरजेला रुग्णालय सुरू केले, आणि १९२८ साली गेले. जवळजवळ चाळीस वर्षे! मराठी शिकले, मराठी मुलांना डॉक्टर केले. ते मिशनरी होते, आपला धर्म त्यांनी लपवला नाही. आणि मिरजेने त्यांना परके मानले नाही. धर्म तोच, पुस्तक तेच. फरक मुक्कामाचा आहे.

आणि मुक्कामाहूनही मोठा फरक जामखेडला दिसतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. त्यांनी काय केले? गावोगावच्या, बहुधा निरक्षर, कित्येकदा दलित बायकांना निवडून त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपण, जुलाब, लसी, आहार, सगळे त्यांच्या हाती सोपवले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण खरा पुरस्कार असा की जिला गावात पाणवठ्यावर उभे राहू देत नव्हते, तिला लोक मध्यरात्री बोलवायला येऊ लागले. सेवेची कसोटी हीच : तुम्ही निघून गेल्यावर तिथे कोण मोठे झालेले असते?

आमच्या महाराष्ट्राचा आणि आफ्रिकेतल्या मिशनचा एक जुना दुवा आहे. तो फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून इथे सांगते. नाशिकच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात, गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी मिशनची शाळा होती. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ साली मुंबईला आला तेव्हा आपल्या अखेरच्या सफरीसाठी त्याने या नाशिककरांतले नऊ जण बरोबर घेतले. पुढे १८७२ साली आणखी काही जण त्याच्या मदतीला पाठवण्यात आले. १८७३ च्या मे महिन्यात तो आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारला. त्याचे साथीदार चुमा आणि सुसी यांनी, नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने आणि इतरांनी ते शव हजार मैलांहून अधिक अंतर खांद्यावर वाहून समुद्रापर्यंत आणले. चुमासुद्धा काही काळ मुंबईत शिकलेला. १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा वेनराइट तिथे हजर होता. चुमा आणि सुसी यांना इंग्लंडला नेण्याची आठवण मात्र उशिरा झाली, दफनविधी उरकून गेला होता. थडग्यावरच्या शिळेवर, विश्वासू हातांनी शव आणले, एवढा उल्लेख आहे. हातांची नावे नाहीत. शव वाहणाऱ्यांत शरणपूरचेही, शिळेवर नाव एकट्या पाहुण्याचे. दीडशे वर्षे झाली, पण फोटोची तऱ्हा अजून तीच : चौकटीच्या मध्यभागी पाहुणा, आणि कडेला घमेले धरलेला अर्धा हात.

त्या दिवशी संध्याकाळी मोटारी गेल्यावर मी हेडमास्तरांना विचारले, "तुम्ही यांना नको का म्हणत नाही?" ते शांतपणे म्हणाले, "पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही, आणि देणाऱ्याला नाही म्हणायची आमची ऐपत नाही." साऱ्या प्रकरणाचे मर्म या एका वाक्यात आहे. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला संमती म्हणत नाहीत. कर्जबाजारी कुळ सावकारापुढे हसते, ते आनंदाने हसते असे कोणी समजत नाही. मग गरीब गावाने नाचून-गाऊन केलेल्या स्वागताला आपण प्रेम कसे समजतो?

आता दिवाळीचे बोलू. कारण अमेरिकेतल्या चर्चला नावे ठेवून आपण मोकळे झालो, तर हा लेख लिहिण्याचे श्रम वाया गेले. वसुबारस उजाडली की पुण्या-मुंबईहून मोटारी निघतात : मोखाडा, जव्हार, धडगाव, मेळघाट. मोटारीत चिवड्याच्या पिशव्या, जुन्या साड्या, शाळेच्या वह्या, आणि एक फलक, ज्यावर मंडळाचे नाव वाटलेल्या वस्तूंपेक्षा मोठे असते. पाड्यावर पोरांना ओळीत बसवतात, एकेकाच्या हातात पुडा देतात, फोटो काढतात, दुपारी तीनला परत. संध्याकाळी मोबाईलवर शंभर माणसांचे हात जोडलेले! त्या पाड्यावरची आरोग्यसेविका कोण, तिला मानधन वेळेवर मिळते काय, आश्रमशाळेत गणिताचा मास्तर आहे काय, रोजगार हमीची मजुरी किती महिने थकली आहे, हे विचारायला मोटार थांबत नाही. भाषा मराठी, कपाळाला कुंकू, हातात करंजी. पण जात तीच. आठ दिवसांच्या जागी आठ तास, एवढाच काय तो फरक, आणि तो आपल्या बाजूचा नव्हे.

फराळ वाटू नका असे मी म्हणत नाही. शेजाऱ्याला फराळ द्यावा, कारण शेजारी उद्या आपल्याला ताट परत पाठवतो, रिकामे पाठवीत नाही. त्यात देणेही असते, घेणेही असते. जिथे ताट परत येण्याची सोय नाही, तिथे जाण्यापूर्वी मात्र तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मला तिथे कोणी बोलावले आहे? मी जे करणार ते तिथल्या कोणाला माझ्याहून चांगले येते काय, आणि येत असेल तर त्याचीच मजुरी मी का देऊ नये? आणि मी निघून आल्यावर ते काम कोण करणार? तिन्हींची उत्तरे मिळाली तर खुशाल जा. मग आठ दिवसही पुष्कळ आहेत. न मिळाली तर मोटारीच्या पेट्रोलचे पैसे त्या गावच्या सेविकेच्या, मास्तरच्या, गवंड्याच्या हाती पोहोचतील अशी व्यवस्था करा आणि घरी बसून निवांत चकल्या खा. फोटो निघणार नाही, आभाराचे भाषण होणार नाही, एकही पोर पायाला बिलगणार नाही. एवढे सोसण्याची ज्याची तयारी असेल, त्याच्याच परोपकारावर माझा विश्वास बसेल.